एका वासराची लस

पश्चिम केनियात, एल्डोरेटपासून तासाभराच्या कच्च्या रस्त्यावर, एका गोठ्यासमोर घडलेला तो प्रसंग जेमतेम दहा मिनिटांचा असेल. पशुधनाविषयीच्या एका पाहणीत भरून आलेले अर्ज तपासण्याचे काम माझ्याकडे होते आणि ते अर्ज कसे भरले जातात हे एकदा डोळ्यांनी पाहावे म्हणून मी त्या सकाळी एका पशुवैद्यांच्या गाडीतून निघालो होतो. गाडीच्या मागच्या भागात दोरखंडाने आवळून बांधलेला, लस गोठवून ठेवणारा द्रव नायट्रोजनचा कंटेनर होता. मोठा खड्डा आला की त्याच्या बुचाखालून पांढरी वाफ निसटे आणि आमच्या पायांपर्यंत सरपटत येई. पुढच्या टेकडीवरच्या मोठ्या गोठ्यात वासरांना लस द्यायची होती. वाटेत कुंपणाशी उभ्या असलेल्या एका बाईंनी हात केला. त्यांच्या मागे नुकत्याच कापलेल्या नेपिअर गवताचा भारा पडला होता, त्याचा ओला, गोडसर वास हवेत होता, आणि खुंटाला बांधलेली तीनेक महिन्यांची तांबूस कालवड त्या भाऱ्यातले एकेक पाते ओढून काढत होती. ‘डाक्टारी, आमच्या वासराला लस मिळेल का,’ असे त्यांनी स्वाहिलीत विचारले. वासरे किती आहेत, असे पशुवैद्यांनी विचारल्यावर त्या म्हणाल्या, “मोजा तू.”

स्वाहिलीत मोजा म्हणजे एक आणि तू म्हणजे फक्त. एवढी स्वाहिली मला तोवर येत होती. तरीही मराठी कानाला ते क्षणभर व्याकरण चुकलेल्या आर्जवासारखे ऐकू आले: क्रियापद आदरार्थी, सर्वनाम एकेरी, आणि दोन्ही माझ्याकडे बोट दाखवून उच्चारलेली. पशुवैद्य भले गृहस्थ होते. त्यांनी गाडीतून उतरून कालवडीच्या कानाखाली बोटे फिरवली, गाठ सुजलेली नाही याची खात्री करून घेतली आणि मग, स्वाहिलीत बाईंना आदराने म्हणतात तसे ‘मामा’ म्हणून, शांतपणे सांगितले, “मामा, या लसीची एक नळी चाळीस वासरांची असते. एकदा वितळली की परत गोठवता येत नाही. चाळीस जमवा, मी येतो.” बाईंनी मान हलवली. मग त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला. ही लस निघाली केव्हा? पशुवैद्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, “तुमच्या जन्माच्या आधी निघाली असेल, मामा.”

त्यानंतर त्या बोटांवर आजूबाजूची घरे मोजू लागल्या आणि मीही उगाचच हातातल्या वहीत त्यांचे आकडे टिपत गेलो.

गेल्या वर्षीचे वासरू ‘न्दिगाना काली’ने गेल्याचे त्यांनी गाडी थांबल्या थांबल्याच सांगितले होते. जगाच्या कागदपत्रांत या रोगाला ईस्ट कोस्ट फीवर म्हणतात. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून दक्षिणेकडे नेलेल्या गुरांबरोबर तो तिकडे पोचला, म्हणून हे नाव. तपकिरी रंगाचा गोचीड कानाच्या पाळीला आतल्या बाजूने चिकटतो आणि त्याच्या लाळेतून थायलेरिया पार्वा नावाचा परजीवी जनावराच्या अंगात शिरून थेट पांढऱ्या पेशींत जाऊन बसतो. पुढचे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला पुस्तक खाली ठेवावे लागले होते. हा परजीवी पेशीला मारत नाही. तो तिला अनावर वाढायला लावतो आणि ती दुभंगली की तिच्याबरोबर स्वतःही दुभंगतो. रोग गोचिडाने आणलेला असतो आणि त्याची वागणूक मात्र कर्करोगासारखी असते. वेळेवर दिलेल्या औषधाने परजीवी मेला, तर तीच पेशी पुन्हा ताळ्यावर येते. वेळेवर हा शब्द तिथे सगळ्यात महाग आहे, कारण कानाखालची गाठ हाताला लागेपर्यंत आणि ताप अंगाबाहेर जाणवेपर्यंत दिवस निघून गेलेले असतात, औषधाची किंमत एका वासराच्या घराला झेपणारी नसते आणि ते पैसे गोळा होईपर्यंत फुप्फुसांत पाणी भरू लागते. शेवट कसा झाला हे सांगताना बाईंना शब्द सापडले नाहीत. त्यांनी आपला हात नाकाशी नेला आणि बोटे हळूहळू उघडली. तो फेस होता. कोरड्या जमिनीवर, घराच्या दारात, त्यांचे वासरू बुडून मेले होते.

पूर्व, मध्य आणि दक्षिण आफ्रिकेतल्या डझनभर देशांत हा रोग आहे आणि त्याने वर्षाला सुमारे दहा लाख जनावरे दगावतात, असा अंदाज नेहमी दिला जातो. तो वाचताना मला काहीच होत नसे. त्या उघडत गेलेल्या बोटांनंतर तो आकडा मला सलग वाचता आलेला नाही.

बाईंना पशुवैद्यांनी दिलेले उत्तर खरे होते. नैरोबीजवळच्या मुगुगा या ठिकाणी, पूर्व आफ्रिकेच्या सामायिक पशुवैद्यकीय संशोधन संस्थेत, १९७० च्या दशकात ही पद्धत तयार झाली. कल्पना धाडसी आहे. मेलेला किंवा दुबळा केलेला परजीवी इथे उपयोगी पडत नाही, म्हणून वासराला जिवंत परजीवीच टोचायचा आणि त्याच वेळी दुसऱ्या सुईने दीर्घकाळ काम करणारे ऑक्सिटेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक द्यायचे. रोग लागतो, पण त्याला डोके वर काढता येत नाही, आणि तेवढ्या अवधीत वासराचे शरीर त्याला ओळखायला शिकते. ही ओळख बहुधा जन्मभर टिकते. परजीवीच्या तीन वाणांचे मिश्रण असल्यामुळे या लसीला ‘मुगुगा कॉकटेल’ असे नाव पडले. ती बनवण्याची रीत प्रयोगशाळेपेक्षा गोठ्याच्या जास्त जवळची आहे. आधी जनावराला मुद्दाम रोग द्यायचा, त्याच्यावर गोचिडांची पिल्ले पोसायची, ती मोठी झाली की त्यांना सशांच्या कानांवर काही दिवस रक्त पिऊ द्यायचे, म्हणजे त्यांच्या लाळग्रंथींत परजीवी पिकतो, आणि मग ते गोचीड वाटून त्यांचा अर्क काढायचा. एका मोठ्या खेपेला शेकडो ससे, लाखो गोचीड आणि वर्ष-दीड वर्षाचा काळ लागतो. २००८ मध्ये नैरोबीच्या आंतरराष्ट्रीय पशुधन संशोधन संस्थेने अशीच सुमारे दहा लाख मात्रांची खेप तयार केली होती. तयार अर्क कृत्रिम रेतनासाठी वापरतात तशा बारीक नळ्यांत भरून उणे १९६ अंशांच्या नायट्रोजनमध्ये बुडवून ठेवावा लागतो. गावात नेल्यावर नळी वितळवायची, द्रावणात मिसळायची आणि काही तासांत संपवायची. वासराच्या छातीभोवती फीत लावून वजनाचा अंदाज घ्यायचा आणि त्या अंदाजाने औषधाचे माप ठरवायचे. त्या मोठ्या गोठ्यात दुपारपर्यंत मी ते पाहत होतो. फितीचा थंड स्पर्श झाला की प्रत्येक वासरू एकदा शहारे, सुईला मात्र फारसे दाद देत नसे.

चाळीस ही संख्या कोणी निर्दयपणे ठरवलेली नाही.

हे मला स्वतःला पुन्हा पुन्हा सांगावे लागते. गोचिडांचा अर्क असतो तेवढा तीव्र असतो. त्याची नळी अजून बारीक केली तर भरण्याचा, तपासण्याचा आणि थंड ठेवण्याचा खर्च प्रत्येक मात्रेमागे वाढत जातो. कुणीतरी हिशेब केला आणि हिशेब बरोबर आला. उत्तर टांझानियातल्या मासाई लोकांनी ही लस सगळ्यांत मोठ्या प्रमाणावर स्वीकारली, कारण त्यांच्या एकेका कळपात चाळीस वासरे सहज निघतात. तिथे लस टोचलेल्या वासराच्या कानात बिल्ला अडकवला जातो आणि बाजारात त्या बिल्ल्याला वेगळा भाव मिळतो. ज्यांच्याकडे जनावरे होती त्यांची जनावरे वाचली, याचा मला मनापासून आनंद आहे. दुष्काळात कळप गमावलेला मासाई किती झपाट्याने कंगाल होतो हे मी जवळून पाहिलेले आहे. पण केनियाच्या डोंगराळ भागातले बहुतेक दूध एक, दोन, तीन गाईंच्या घरांतून येते. चांगल्या दुधासाठी आणलेल्या संकरित गाई याच रोगाला लवकर बळी पडतात. गाय जितकी दुधाळ, तितका तिच्यावर घराचा भार मोठा, आणि तितकीच ती या गोचिडापुढे असहाय. शाळेची फी, मक्याच्या शेताचे शेणखत, लहान मुलाच्या पेल्यातले दूध आणि अडल्यावेळी विकायची ठेव, हे सगळे त्या एका दाव्याला बांधलेले असते. पूर्वी सरकारी डिप जोरात चालत, दर आठवड्याला गुरे गोचीडनाशकाच्या हौदातून पोहत पलीकडे जात, आणि लस नसली तरी काही आडोसा होता. सरकारने त्यातून अंग काढून घेतल्यावर बरेच हौद कोरडे पडले आणि काही ठिकाणी त्यांत आता पावसाचे पाणी आणि बेडूक असतात.

याच मुगुगात आणखी एक काम झाले होते, हे मी त्या प्रवासानंतर विसरू शकलेलो नाही. ज्या रोगाला मराठीत बुळकांडी म्हणतात, त्याची खात्रीची लस वॉल्टर प्लोराइट यांनी १९६० च्या सुमारास तिथेच तयार केली. १८९० च्या दशकात याच बुळकांडीने आफ्रिकेतली बहुसंख्य गुरे मारली होती. इथिओपियात त्यापाठोपाठ जो दुष्काळ आला तो तिथल्या आठवणीत अजून आहे. पुढे दक्षिणेत रिकामे झालेले गोठे भरण्यासाठी पूर्व किनाऱ्यावरून गुरे नेली गेली आणि त्यांच्याच अंगावर बसून ईस्ट कोस्ट फीवर तिकडे गेला. एका साथीने दुसरीला वाट करून दिली. प्लोराइट यांची लस उत्तम होती, स्वस्त होती, आणि तरीही ती दुर्गम भागात पोचेपर्यंत उष्णतेने निकामी होत असे. बर्फाची साखळी जिथे संपे, तिथून पुढे बुळकांडी सुरू होई. ती कोंडी फुटायला जवळपास तीस वर्षे लागली. जेफ्री मरिनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लस वाळवण्याची रीत अशी बदलली की ती बर्फाशिवाय महिनाभर टिकू लागली. मग पदवीधर डॉक्टरांची वाट न पाहता इथिओपियातल्या अफार प्रदेशात, दक्षिण सुदानात, युगांडातल्या करामोजात तिथल्याच पशुपालकांना टोचायला शिकवले गेले. ते गुरांबरोबर चालत गेले आणि लस त्यांच्या पिशवीतून गेली. २००१ मध्ये केनियातल्या मेरू राष्ट्रीय उद्यानातल्या रानम्हशींत बुळकांडी शेवटची दिसली आणि २०११ मध्ये ती पृथ्वीवरून संपल्याचे जाहीर झाले. देवीनंतर माणसाने नाहीसा केलेला हा दुसराच रोग आहे. या कहाणीत मला सर्वांत जवळची वाटते ती लस वाळवण्याची ती सुधारणा. तिने विषाणूबद्दल नवे काहीच शोधले नव्हते. वाट किती लांब आहे आणि ऊन किती आहे, एवढेच तिने विचारात घेतले होते.

कोंबड्यांच्या मानमोडीचेही तसेच आहे. क्वीन्सलँडमध्ये तयार झालेली आय-२ नावाची उष्णता सोसणारी लस डोळ्यात एक थेंब टाकून देता येते, आणि मोझांबिक, मलावी, टांझानियातल्या खेड्यांत ती बहुतांशी बायकांच्या हातून पोचली. तिथेही एक बाटली शेकडो कोंबड्यांची असते. पण गावाने दर चार महिन्यांनी एक दिवस ठरवायचा, त्या पहाटे कोंबड्या खुराड्यातून सोडण्याआधी लस देणारी व्यक्ती दारोदार जायची, अशी रीत लशीबरोबरच शिकवली गेली. तीन कोंबड्यांचे घर त्यात आपोआप सामावले. वासरांच्या बाबतीत हे जमवणे खूप अवघड आहे, हे मान्य केलेच पाहिजे. कोंबडी काखेत मारून आणता येते. वासराला दोन टेकड्या ओलांडून आणायचे तर घरातले एक माणूस दिवसभर अडकते.

मोजण्याचा प्रश्न मला नंतर जिकडेतिकडे दिसू लागला. केनियाच्या उत्तरेला मार्साबित भागात २०१० मध्ये पशुपालकांसाठी विमा सुरू झाला. दुष्काळात मेलेले प्रत्येक जनावर तपासायला विमा कंपनीचा माणूस त्या वाळवंटात जाऊच शकत नाही, म्हणून जनावरे मोजायचीच नाहीत, उपग्रहातून गवताचा हिरवेपणा मोजायचा आणि तो ठरावीक पातळीखाली गेला की त्या भागातल्या सगळ्या विमाधारकांना पैसे द्यायचे, अशी ती योजना होती. २०११ च्या भीषण दुष्काळात खरोखर पैसे मिळालेही. मला ही कल्पना फार सुंदर वाटते आणि तीच मला अस्वस्थही करते. आकाशातून पाहिलेल्या गवताची सरासरी बरी असेल आणि एखाद्या घराची बकरी तरीही मेलेली असेल, तर त्या घराला सांगायला हिशेबात जागाच नाही. ज्यांनी योजना आखली त्यांना हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होते आणि ते अंतर कमी करण्यासाठी ते वर्षानुवर्षे झटले आहेत. तरी ते अंतर शिल्लक राहते, आणि त्या अंतरात कोणाचे तरी घर असते.

ईस्ट कोस्ट फीवरवर संशोधन थांबलेले नाही. १९७३ मध्ये नैरोबीत या आणि निद्रारोगासारख्या रोगांसाठीच एक आंतरराष्ट्रीय प्रयोगशाळा उभी राहिली होती. पुढे १९९४ मध्ये ती आणि अदिस अबाबातले पशुधन केंद्र एकत्र करून आजची आंतरराष्ट्रीय पशुधन संशोधन संस्था झाली. २००५ मध्ये या परजीवीचा संपूर्ण जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला. गोचीड, ससे आणि नायट्रोजन यांतले काहीच न लागणारी, साध्या बाटलीत मावणारी लस शोधण्यात माणसांची उभी कारकीर्द गेली आहे. त्या माणसांबद्दल मला नितांत आदर आहे. पण मुगुगातली लस हातात असताना पुढची कितीतरी वर्षे ‘लवकरच याहून चांगली येणार आहे’ या आशेत गेली, आणि चाळिसाची नळी दहाची कशी होईल हा प्रश्न कोणालाही आपल्या प्रतिभेच्या तोलाचा वाटला नाही, असे माझे मत झाले आहे. नळी लहान करणाऱ्याचे नाव शोधनिबंधाच्या माथ्यावर येत नाही. माझ्या दृष्टीने ते काम जनुकीय आराखड्याच्या बरोबरीचे आहे.

हे मत मला सहज सुचलेले नाही. त्याच्या तळाशी मी केलेली एक गोष्ट आहे.

पाहणी संपल्यावर सगळे अर्ज संगणकात भरले गेले आणि त्यांची साफसफाई माझ्याकडे आली. वासरांचा मृत्युदर घराघरांत किती, हे काढायचे होते. ज्या घरात वर्षाखालचे एकच वासरू होते ती घरे या हिशेबातून वगळावीत, असा नियम ठरला होता आणि तो सकारण होता, कारण एका वासराच्या घरात मृत्युदर शून्य तरी येतो किंवा शंभर टक्के तरी, आणि अशी टोके सरासरीला खेचतात. मी चाळणी लावली. पडद्यावरच्या ओळी एका झटक्यात कमी झाल्या. चहाचा कप हातात घेऊन मी वगळलेल्या ओळी नजरेखालून घालत होतो, तेव्हा त्यांत त्या बाईंची वाडी दिसली. गेल्या वर्षी जन्मलेली वासरे १, मेलेली १. शंभर टक्के. सगळ्या घरांची वासरे एकत्र मोजून दर काढला असता, तर त्यांचे वासरू त्यात राहिले असते. हे मला सुचले तोवर अहवाल निघून गेला होता. अहवालात जो मृत्युदर छापला आहे तो चुकीचा आहे असे मी म्हणू शकत नाही. दोन आणि त्याहून जास्त वासरे असलेल्या घरांचा तो अचूक मृत्युदर आहे.

ती वही माझ्याकडे अजून आहे. पानाच्या कडेला नेपिअर गवताचा हिरवट डाग आहे. बाई बोटांवर घरे मोजत गेल्या तसे मी लिहिलेले आकडे एकाखाली एक आहेत: टेकडीखाली ६, गिरणीजवळ ४, चर्चच्या मागे ७, दोघा भावांच्या घरी ३, शिक्षकांकडे ५, विहिरीपाशी २, वळणावर ३. सगळ्यात शेवटी त्यांनी आपल्या कालवडीकडे हनुवटीने खूण केली होती, तो १. बेरीज ३१. उरलेल्या नऊ मात्रा वाया जातील आणि त्यांचे पैसे कोणालातरी भरावे लागतील, असे पशुवैद्य म्हणाले होते. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. कालवड पायांत घुटमळत होती, तिला त्यांनी गुडघ्याने हळूच बाजूला केले. मग म्हणाल्या, “जुमामोसी.” शनिवार. ओढ्यापलीकडचा डिप अजून चालू होता आणि शनिवारी पलीकडच्या वाडीची गुरेही तिथे येत, त्यांच्या मागे वासरेही असत. शनिवारी या, तिथे चाळीस भरतील. पशुवैद्यांनी खिशातून रोजनिशी काढून काहीतरी लिहिले आणि आम्ही निघालो. आकड्यांच्या खाली मीही तो शब्द लिहून ठेवला आहे, देवनागरीत, आणि त्याखाली रेघ मारली आहे. त्या शनिवारी गाडी ओढ्याकडे गेली की नाही, हे विचारणारा रकाना आमच्या अर्जात नव्हता.